मामांची कल्हई

ही गोष्ट मी आजवर कोणाला, अगदी बायकोलाही सांगितलेली नाही: तिच्या मामांचं लिव्हर बिघडलं ते माझ्यामुळे. मामांइतका शंकेखोर माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि अशा माणसानं आयुष्यात एकदाच डोळे मिटून विश्वास टाकला, तो नेमका माझ्यावर.

मामा अकलूजकडच्या एका दूध संकलन केंद्रावर दुधाचं फॅट तपासायला होते. उभी हयात लोकांच्या दुधातलं पाणी शोधण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही ती नजर काही निवळली नाही. आमच्याकडे चहा आला की आधी कप उजेडाला धरायचे, मग नाकाजवळ न्यायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून निकाल द्यायचे, "पोरी, गवळी बदल." एका लग्नात त्यांनी मठ्ठ्यात बोट बुडवलं, ओघळणारे थेंब पाहिले आणि भर पंगतीत नवरदेवाच्या बापाला विचारलं, "पावणं, मठ्ठा हाय का हात धुवायचं पाणी?" मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मलाही त्यांनी असंच खिडकीपाशी, उजेडाला बसवलं होतं. पास कसा झालो, देव जाणे.

सात रस्त्याजवळ माझं मेडिकल आहे. सोलापुरात मुलाकडे राहायला आल्यापासून मामा रोज बाराच्या ठोक्याला काउंटरशी हजर. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली होती, पण एकेका गोळीमागे तासभर उलटतपासणी. "जावईबापू, हिनं लिव्हर जातंय म्हणत्यात. खरं हाय का?" प्रमाणाबाहेर घेतली तर जातं, असं मी रोज न कंटाळता सांगायचो. त्या दिवशी कंटाळलो. घरी गरम शेंगापोळी होती आणि मामा हलायला तयार नव्हते. मी फळीवरून अँटिऑक्सिडंटची डबी काढली आणि शहाण्यासारखा चेहरा करून ठोकून दिलं, की औषधानं लिव्हरला आतून गंज चढतो आणि ही कॅप्सूल तो चढू देत नाही. "रोज एक घ्या मामा, आणि बिनधास्त राहा."

मामांचा चेहरा उजळला. "म्हंजी कल्हईच की!" पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असली की त्यात ताकसुद्धा खुशाल ठेवता येतं, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. मी मान डोलावली. भुकेल्या माणसाची मान फार लवकर डोलते. आता कल्हई झालेल्या भांड्यानं आंबटाला का भ्यावं? मामा गुडघ्याच्या गोळ्या भाजक्या शेंगांसारख्या खाऊ लागले. माझ्याकडून ठरलेलं पाकीट नेत, वरच्या गोळ्या गल्लीतल्या दुकानातून.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी काउंटरवर वाकून खालची पापणी ओढली. "बघा की जावईबापू. परवापातुर म्हशीचं हुतं, आज गाईचं झालंय." मला आधी हसू आलं, मग मी वाकून नीट पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

दवाखान्यात डॉक्टर भडकले. "कॅप्सूल घेतली म्हणून वाटेल तेवढ्या गोळ्या पचतात, हे तुम्हाला सांगितलं कोणी?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. बादलीभर दुधातलं तांब्याभर पाणी पकडणारी ती नजर. दुकानात परवान्याची चौकट टांगून बसणारा मी सलाइनचे थेंब मोजत उभा राहिलो.

"कोन सांगतंय? माज्याच मनानं घेतल्या," मामा म्हणाले.

मामा वाचले. पण आता गल्लीभर सांगत फिरतात, "जावयानं कल्हई केल्ती म्हणून टिकलो." परवा त्यांचे एक शेजारी लंगडत दुकानात आले. "मामास्नी दिली ती कल्हई द्या की. माजं बी गुडघं लई दुखत्यात." मी संपली म्हणून सांगितलं. देत का नाही, ते सांगायला मात्र जीभ उचलली नाही. उद्या ते दुसरीकडून घेतील.

बाराला मामा अजूनही येतात. मी चहा मागवतो. बाकी सगळीकडे त्यांचा कप आधी उजेडाला जातो, माझ्या दुकानातला मात्र ते सरळ तोंडाला लावतात. त्यांना खरंच काही कळलं नाही, की कळून त्यांनी ते पोटात ठेवलं, हे विचारायचं धाडस मला होत नाही.

"मामा, कल्हई खोटी होती, मी चुकलो," एवढं वाक्य मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.