गांगुर्डे सरांची हरकत

गांगुर्डे सर माझ्या टेबलावरचा खडू उचलतानाही "घेऊ का?" म्हणून विचारत. शिपाई बाहेर गेला असेल तर त्याच्या स्टुलावर बसत नसत. तो येईपर्यंत उभे राहत. नाशिक रोडच्या आमच्या शाळेत ते माझ्याआधी दोन वर्षं लागले होते. मी त्यांची चेष्टा करायचो. "अहो सर, खडू शाळेचा आहे." ते हसून म्हणायचे, "असंल. पण तुमच्या टेबलावर हाय ना?" निफाडकडच्या खेड्यातले. वर्गात मात्र भाषा अगदी पुस्तकी.

ते इतिहास शिकवत, मी शेजारच्या वर्गात गणित. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड का केलं, हा धडा आला की मी मुलांना उदाहरणं सोडवायला देऊन कान तिकडे लावायचो. पुस्तकातली कारणं ते "मार्कांसाठी" म्हणून उतरवून देत आणि मग पुस्तक मिटत. "चहा उलट स्वस्त मिळत होता. मग समुद्रात का टाकला? कारण आमच्या घरात काय यायचं, ते समुद्रापलीकडे बसून कुणीतरी ठरवत होतं. वर म्हणत होतं, तुमच्या भल्यासाठीच आहे."

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, राजा चांगला असता तर?"

सर म्हणाले, "तर उशिरा उठले असते, बाळ. पण उठले असते."

हे सगळं ऐकून, पटून, मी काय केलं ते आता सांगतो.

शाळेला पर्यवेक्षक नेमायचा होता. सेवाज्येष्ठतेने जागा सरांची. संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. "ते बौद्ध आहेत म्हणून नाही हं, आपल्याकडे तसलं काही नाही. पण पालकांचाही विचार करावा लागतो. तुम्ही व्हा. त्यांना आम्ही समजावू."

कुणी काही समजावलं नाही. शिक्षकसभेचं इतिवृत्त मी लिहीत असे, अक्षर बरं म्हणून. मुख्याध्यापकांनी सांगितलं तसं लिहून मोकळा झालो : 'पर्यवेक्षकपदी श्री. जोशी यांच्या नेमणुकीस श्री. गांगुर्डे यांची हरकत नाही.' सर त्या सभेला हजर होते, पण हा विषय तिथे निघालाच नव्हता. मला घरची काही अडचण होती असंही नाही. दारावर नावाची पाटी हवी होती, एवढंच.

सरांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले.

"जोशी सर, जागा राहू द्या तुमच्याकडं. मला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच सांगा."

"मला यात ओढू नका, गांगुर्डे सर."

"ओढत नाय. विचारतोय."

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त वाचलं गेलं. साहेबांनी मला विचारलं, "हे असंच झालं होतं?" मी हो म्हणालो. माझा आवाज चांगला खणखणीत निघाला, हे आठवलं की अजून मान खाली जाते. सर माझ्याकडे बघत नव्हते, वहीतल्या अक्षराकडे बघत होते. बाहेर आल्यावर ते चिडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "माझं भांडण संस्थेशी हाय, असं समजत होतो मी."

पुढच्या जूनमध्ये ते चांदवडच्या शाळेत गेले. बरीच वर्षं एसटीने जाऊन-येऊन नोकरी केली. निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना हृदयविकाराने गेले.

शोकसभा नाशिक रोडलाच झाली. जुना सहकारी म्हणून मला बोलायला उभं केलं. समोर त्यांचे विद्यार्थी, चाळीतले लोक, पहिल्या रांगेत बायको आणि मुलगी. येताना वाटेत ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. मी त्यांच्या शिकवण्याबद्दल बोललो. चहाची गोष्ट सांगितली, त्या मुलीचा प्रश्न सांगितला. लोकांनी डोळे पुसले. सुनावणीचं वाक्य तोंडाशी आलं होतं. मी पाणी प्यायलो आणि खाली बसलो.

सभा संपल्यावर मुलगी जवळ आली. नुकतीच शिक्षिका झाली होती. "सर, बाबा खरे कसे होते ते आज तुम्हीच सांगितलंत," म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.