मागे सरणारा रंगारी

"पडलो नाही गं, बसलो."

"जमिनीवर? सलाइनचा स्टँड मांडीवर घेऊन?" सिस्टरनं विचारलं.

"मग खुर्ची कुणी दिली होती?"

रंगारी अण्णा छातीत कफ साठला म्हणून दवाखान्यात आले होते. कफ सुटला, ताप उतरला, उद्या घरी सोडायचं ठरलं. म्हाताऱ्या माणसाला सोडण्याआधी तो पडण्याचा धोका किती, हे सिस्टर तपासत होती. मागे कधी पडलात का, चक्कर येते का, रात्री लघवीला किती वेळा उठता?

"लागेल तेवढ्या वेळा. मोजून काय भाडं घ्यायचंय?"

तरी गडी हात न टेकता उठला, दारापर्यंत ताठ गेला, वळून परत आला. सिस्टर 'छान' म्हणणार, तेवढ्यात अण्णांना खाटेमागची भिंत दिसली. पोपडे धरलेली. जन्मभर भिंती रंगवलेला माणूस. भिंत दिसली की मागे सरून, डोळे बारीक करून बघणारच. सरले, स्टँडला अडकले आणि धप्पकन खाली.

सिस्टरनं मनगटावर पिवळा पट्टा बांधला. एकट्यानं उठायचं नाही.

शेजारी उभ्या लेकीला तेवढंच पाहिजे होतं. "बरं झालं. शिडी आजच भंगारात देते."

अण्णांचा आवाज बदलला. "शिडीला हात लाव, मग बघ. घरी येतच नाही. इथंच खाट अडवून बसतो."

"हाड मोडलं तर कोण करणार तुमचं?"

"तू नको करूस. पण जितेपणी मला फोटोसारखं भिंतीवर टांगू नकोस."

सिस्टरनं अण्णांना पुन्हा चालवलं, वळवलं, बसवलं, उठवलं. मग म्हणाली, "ताई, पाय धड आहेत. खोड वाईट आहे. आजोबा, न बघता मागे सरलात तर शिडी मीच घेऊन जाईन."

"आणि हा पट्टा?"

"घरी जाईपर्यंत राहणार."

"रंग तरी बरा निवडायचा. कावीळ झाल्यासारखं वाटतं."

मग अण्णांनी सूड उगवला. संध्याकाळपर्यंत बेल दाबदाबून आयाबाईला हैराण केलं. "चला, मला एकट्यानं उठायची बंदी आहे. खिडकीपर्यंत न्या. आता परत आणा."

महिन्याभरानं ते एका घराच्या दिवाणखान्यात कामावर होते. दुपारी लेक डबा घेऊन आली आणि शिडी धरून उभी राहिली.

"सोड. तू धरलीस की जास्त हलते."

तिनं सोडली नाही. अण्णा उतरले. मान वळवून मागे पाहिलं आणि मगच सरले.

"ऐकलंत म्हणायचं सिस्टरचं," लेक म्हणाली.

"तिचं कशाला ऐकू? मागे रंगाचा डबा उघडा आहे."

"जेवून घ्या आधी."

"भेगा बुजवायची लांबी वाळतेय. ती थांबते का माझ्या जेवणासाठी?"

अण्णांनी लांबी भरायचा पत्रा उचलला आणि खिडकीवरच्या भेगेत ती दाबायला पुन्हा शिडी चढले.