लाल दिवा लागलेला होता

पक्षाघाताने दशरथची वाचा गेली, उजवी बाजू गेली. राहिला तो डावा हात. मग कमवायचं कुणी? त्याच्या बायकोने, अनसूयाने! जेसल पार्कमधल्या त्यांच्याच बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर, रश्मीताईंकडे ती साड्यांना फॉल लावायला जायची. पण जीव सगळा खाली तळमजल्यावर टांगलेला.

ब्याण्णव साली तिच्या भावाने मस्कतहून इंटरकॉमचे दोन डबे आणले. एक दशरथच्या उशाशी प्लगला, दुसरा वर शिलाई मशीनजवळ. त्याने बटण दाबलं की वरचा डबा टूं करायचा. मधे वेगळी वायर नाही, काही नाही. आवाज म्हणे भिंतीतल्या लाइटच्या तारांतूनच जातो. अनसूया धावत खाली यायची, "काय हुकूम, राजे?" म्हणायची, आणि दशरथ अर्ध्या तोंडाने हसायचा. तेवढ्या हसण्यावर तिचा दिवस निघायचा.

मे महिन्यात एका दुपारी बिल्डिंगीत वीज आणणाऱ्या तीन फेजांपैकी एक गेला, काही घरं बंद पडली. आता अशा वेळी लाइटवाल्यांची वाट बघत बसतंय कोण? मीटरच्या खोलीत घुसायचं, बंद पडलेली घरं चालू फेजवर टाकायची, झालं! खालच्या किराणावाल्या सुभाषने तेच केलं. लोड वाटला जावा म्हणून तळमजला एका फेजवर, तिसरा मजला दुसऱ्यावर. पंखे फिरले, दोन्ही डब्यांचे लाल दिवे लागले. 'भलं होवो रे सुभाष तुझं,' म्हणत अनसूयाने सुई ओवली. डबा गप्प होता. झोपले असतील, तिला वाटलं.

संध्याकाळी ती खाली आली तर दशरथ जमिनीवर. डबा ओढून छातीशी घेतलेला, अंगठा बटणावर.

"मला ऐकूच आलं नाही हो! देवाशप्पथ!"

त्याने लाल दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान फिरवली.

वायरमनने सांगितलं, दोन्ही डबे एकाच फेजवर असतील तरच आवाज पोचतो. सुभाष बिचारा रडला, "वहिनी, मी तर चांगल्यासाठीच केलं." त्याच्यावर तरी काय चिडायचं? दोन्ही घरं पुन्हा एका फेजवर आली. तिने समजावलं, सुभाषने समजावलं. दशरथ भिंतीकडे बघत राहिला.

त्यानंतर वरचा डबा कधी वाजला नाही. एकदा ती खाली आली, तर अंथरूण कधीचं ओलं, नवरा त्यातच पडलेला. डबा हाताशी, दिवा लागलेला.

"दाबायचं होतं ना हो बटण!" तिला हुंदका फुटला. तिने त्याचा हात डब्याकडे नेला.

दशरथने मूठ घट्ट मिटून घेतली.