दोनशे ग्रॅमची सांडशी

काजवालीला राग यायला काही लागत नाही, असं तिचा नवरा सगळ्यांना सांगत फिरतो. साफ खोटं आहे. चांगलं वर्ष लागलं.

गल्लीच्या टोकाला तिचं शिवणकामाचं दुकान. हातानं काजं करावीत तर हिनंच, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव ठेवलेलं. नवरा पार्सल ऑफिसात काट्यावर. दिवसभर लोकांची खोकी तोलायची आणि घरी येऊन संसार तोलायचा, एवढंच त्याला ठाऊक. दोन दिवस तंबूत राहायला जायचं ठरलं की हा गडी हातकाटा काढतो. स्वयंपाकाच्या पेटीत काय जाईल ते हा ठरवणार. तिथे चुलीपुढे मरणार कोण, ते विचारायचं नाही. त्याच्या घडीच्या खुर्चीला मात्र काटा कधी लागला नाही. साडेतीन किलोची खुर्ची, वर पेला ठेवायला भोक!

गेल्या वर्षी नदीकाठी उकळतं पातेलं उतरवायची वेळ आली आणि सांडशी सापडेना. तिनं टॉवेलच्या टोकानं काठ धरला, टोक निसटलं, उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट भाजलं. तरी तिनं पातेलं सोडलं नाही, कारण पायाशी मुलगी बसली होती. नवरा खुर्चीतून म्हणाला, "हळू, सांडेल!"

घरी परतल्यावर सांडशी ओट्यावरच्या खुंटीला लटकलेली. "बघ, इथेच विसरलीस," तो म्हणाला. आपण ती भरली होती असं तिला पक्कं आठवत होतं, पण खुंटीवरची वस्तू डोळ्यांनी दिसत असताना भांडणार कशी? तिनं मान्य केलं. वर्षभर चारचौघांत "आमची बाई धांदरट" हेही ऐकून घेतलं. फोड गेले, पण त्या दोन बोटांत जीव राहिला नाही. सुई धरली आहे की नाही, ते बघावं लागतं. तासाला आठ काजं करणारी ती, आता तीन करते आणि त्यातलं एक उसवते. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली.

या शनिवारी सकाळी तिनं पेटी भरली. स्टोव्ह, पातेलं, तवा, सुरी, मिठाची डबी, काडेपेटी. सांडशी मुद्दाम सगळ्यांत वर ठेवली आणि ती बाटल्या भरायला गेली. परत येऊन बघते तर सांडशी खुंटीवर! नवरा दारात खुर्चीला दोरी बांधत होता.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण ती ओरडली नाही. पेटीतलं पातेलं काढलं, पाणी घातलं आणि गॅसवर चढवलं.

"अगं, आता चहा कसला? उशीर होतोय!"

पाणी खळखळायला लागलं तशी तिनं ओट्यावरची सगळी फडकी पेटीत कोंबली आणि सांडशी मुठीत धरली.

"उतरवा."

"काय?"

"पातेलं. पेटीत भरायचंय."

"मग सांडशी दे की."

"तीच तर काढलीत ना?"

"अगं, दोनशे ग्रॅम उगाच..."

मुलगी बूट घालता घालता थांबली. "बाबा, मागच्या वर्षी आई विसरली होती ना?"

 वाफेनं खिडकीची काच पांढरी झाली.

"मीच काढली होती," तो शेवटी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला," काजवाली म्हणाली. "धांदरट म्हणताना आवाज चांगला खणखणीत असतो तुमचा."

त्यानं गॅस बंद केला. मग जवळ येऊन, वर्षात पहिल्यांदा, तिचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा जरा दाबून पाहिला.

"दुखतंय का अजून?"

"दुखत असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तुम्ही धरलाय, तेही मला बघूनच कळतंय."