बुरैदाच्या रुळावर नऊ दिवस उभे राहिलेले चार डबे

बुरैदाला जायचं ते खजुराच्या बाजारासाठी, असं सगळेच सांगतात. गेली सात वर्षं रियाधमध्ये, अल मलाझच्या दोन खोल्यांत बसून मीही बायकोला हेच सांगत आलो, की एकदा सीझनमध्ये जाऊ आणि पहाटेचा बाजार बघू. शेवटी गेलो तो एकटा, ऐन सीझनमध्ये, आणि एका बिलापायी. ज्यांना फक्त खजूर, गाडी आणि जेवण यांची माहिती हवी असेल त्यांनी मधला वैताग गाळून वाचावं. मग फार काही उरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची कंपनी खजूर भरायचे प्लॅस्टिकचे क्रेट बनवते. कारखाना बुरैदाच्या बाहेर, ऑफिस रियाधला, आणि ऑफिसात बसून माल इकडून तिकडे हलवायचं काम माझं. मूळचा मी नाशिकचा, सातपूरचा. पंधरा वर्षं ट्रकवाल्यांशी डोकं लावण्यात गेली. यंदा मुदीरच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, डोक्यात आलं की प्लॅस्टिकचा दाणा ट्रकऐवजी रेल्वेनं पाठवायचा. मोठ्या लाईनची मालगाडी डबे जंक्शनपर्यंत नेते. तिथून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर मात्र एका छोट्या कंपनीचे. त्यांचं सगळं मिळून एक इंजिन आणि एक रूळ. नाव लिहीत नाही, उगाच भांडण वाढायला नको.

त्या छोट्या कंपनीचं बिल आलं. वाहतुकीचा आकडा ठरल्याप्रमाणे होता. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, डबे अडकवून ठेवल्याचा आकार, आणि तो वाहतुकीपेक्षा मोठा! साधारण माझे दोन पगार. आमचे चार डबे म्हणे फाटकाशी नऊ दिवस भरलेले उभे होते.

"हे कुणामुळे झालं?" मुदीरनं विचारलं. "फाटकावर स्टोअर कोण बघतो?"

फाटकावर स्टोअर बघतात युसूफभाई. श्रीवर्धनकडचे, वय साठीला टेकलेलं, या कंपनीत सव्वीस वर्षं. एक पोतं कधी कमी भरलं नाही की फाटलं नाही. आणि नेमके पुढच्याच आठवड्यात ते कायमचे घरी निघाले होते, गुरुवारचं विमान. मुदीर म्हणाला, जबाबदार कोण ते लेखी आण, त्याशिवाय मी युसूफच्या सुटकेच्या कागदावर सही करणार नाही. सही नाही म्हणजे विमान नाही. आणि कागदावर त्यांचं नाव आलं असतं तर सव्वीस वर्षांच्या ग्रॅच्युइटीतून ते पैसे कापले गेले असते.

माझं डोकंच फिरलं. वाहतुकीचे पैसे घेतले ना, मग डबा रुळावर उभा राहिला तर यांचं काय जातं? रूळ काय झिजतो? मी तिथूनच युसूफभाईंना फोन लावला.

"निकमसाहेब, बरं झालं फोन केलात. एक सांगायचं होतं..."

"तुम्ही काही सांगू नका युसूफभाई, मला सगळं कळलंय. रविवारी येतो आणि या रेल्वेवाल्यांना सरळ करतो. तुम्ही बॅगा भरा. ठेवा फोन."

रविवारी सकाळी निघालो. दारात बायको, अनघा, म्हणाली, "सुक्करी खजूर आण. आणि भांडताना मधूनमधून पाणी पी." आमची नववीतली कन्या मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, यू आर शाउटिंग अगेन."

"मी ओरडत नाहीये!" मी म्हणालो. शेजारच्या मल्याळी वहिनींनी दार उघडून बघितलं.

आता कामाची माहिती. रियाधहून कासीमला, म्हणजे बुरैदाच्या प्रांताला, जाणारी गाडी उत्तरेच्या स्टेशनावरून सुटते आणि ते स्टेशन गावाबाहेर आहे. टॅक्सीला चांगला तासभर धरा. तिकीट ॲपवर चार दिवस आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. मी आदल्या दिवशी काढलं आणि जादा पैसे भरले, त्यावरही चिडलो. गाडी मात्र झकास. स्वच्छ, गार, वेळेवर. खिडकीबाहेर पिवळं वाळवंट, मधेच उंटांचा एखादा कळप, मग परत पिवळं. अडीच-तीन तासांत कासीम. स्टेशनपासून बुरैदा गाव लांब आहे आणि टॅक्सीवाले मीटर लावत नाहीत. आधी भाव ठरवा. मी ठरवला नाही, कारण मनातल्या मनात भांडणाची तयारी चालली होती.

छोट्या कंपनीचं ऑफिस म्हणजे एक पोर्टाकॅबिन आणि बाहेर एक म्हातारं इंजिन. आत फहद नावाचा तरुण सौदी बसला होता. मी बिल टेबलावर आपटलं. त्यानं आधी गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला, मग क्लेजाची बशी पुढे केली. क्लेजा म्हणजे इकडची खासियत, आत खजुराचा किंवा वेलचीसाखरेचा मसाला भरलेलं बिस्किट. कासीमला गेलात तर खाल्ल्याशिवाय येऊ नका. भांडायला गेलेल्या माणसाच्या तोंडात असं काही कोंबू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

फहद शांतपणे इंग्रजीतून समजावत राहिला. डब्यामागे ठरलेली रक्कम, डबा पूर्ण भरा नाहीतर अर्धा भरा. मोठ्या लाईनचा हिस्सा वेगळा, यांचा वेगळा. फाटकाशी डबा लावून दिला की दोन दिवस मोफत. तिसऱ्या दिवसापासून दिवसाचा आकार, सहाव्यापासून दुप्पट. शुक्रवार-शनिवार धरून. डबा दुसऱ्या जागी सरकवून हवा असेल तर त्याचे पुन्हा वेगळे.

"म्हणजे उभं राहायचे पैसे!" मी म्हणालो. "रियाधला आमचे ट्रक दोन-दोन रात्री उभे असतात. ड्रायव्हरला चहा आणि ताटभर कबसा दिला की खलास. तो कधी एक रियाल मागत नाही."

"ट्रकच्या बाजूनं दुसरा ट्रक जातो," फहद म्हणाला. "माझ्याकडे रूळ एकच आहे. तुमच्या फाटकाच्या पुढे पिठाची गिरणी आहे. तुमचे डबे नऊ दिवस उभे होते, तिचे गहू नऊ दिवस जंक्शनला पडून होते. तिचा मालक याच खुर्चीत बसून माझ्यावर ओरडत होता."

गल्लीत आडवी गाडी लावून लग्नाला गेलेला माणूस मला आठवला. पण मी हार कशी मानणार! म्हटलं, डबे रिकामे झाले नाहीत कारण तुम्ही नीट कळवलं नसेल. तो म्हणाला, रोज सकाळी आमचा माणूस फाटकावर विचारतो आणि चिठ्ठीवर सही घेतो. चिठ्ठ्या तिकडच्या केबिनमध्ये आहेत, उद्या बघा. बुकरा. या देशात बुकरा ऐकलं की माझं रक्त उकळतं. मी तिसरा क्लेजा खाल्ला आणि निघालो.

सोमवारी पहाटे युसूफभाई स्वतःच हॉटेलवर आले. म्हणाले, इथवर आलाव तर बाजार बघून घ्या. खरं सांगतो, बाजार बघाच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर लगेच पोचा, नऊनंतर उन्हात काही मजा नाही. पिकअप गाड्यांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येकीच्या मागे सोनेरी सुक्करीचे ढीग, गाडीवर उभा राहून भाव पुकारणारा माणूस, आणि खाली शंभर माणसं बोटांनी खजूर दाबून बघताहेत. चाखायला कुणी नाही म्हणत नाही. दोन-तीन किलो हवे असतील तर कडेच्या किरकोळवाल्यांकडे जा, लिलावात पूर्ण क्रेटच घ्यावा लागतो. आणि क्रेट जिकडे बघावं तिकडे आमचेच! मला उगाच अभिमान वाटला.

"साहेब, एक ऐकून घ्या," चहा पिताना युसूफभाई म्हणाले. "ते डब्यांचं..."

"युसूफभाई, माझ्यावर सोडा म्हटलं ना! तुमच्या नावाला मी धक्का लागू देणार नाही. चिठ्ठ्या बघतो आणि एकेकाची वाट लावतो."

ते उठले आणि माझ्यासाठी सुक्करीचा भाव करायला गेले. त्यांनी अर्ध्या किमतीत आणला.

फाटकाशी पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. केबिनमध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा खरंच होता. नऊ दिवसांच्या नऊ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर युसूफभाईंची सही, आणि कारणाच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात एकच गोष्ट, 'रियाध ऑफिसची सूचना, डबे रिकामे करू नयेत.'

मी आनंदानं ओरडलोच. "सापडला! सूचना ऑफिसची आहे, तुम्ही सुटलात! कुठला गाढव होता तो? अकाउंट्सवाला ना?"

युसूफभाई चिठ्ठ्या परत तारखेनं लावायला लागले.

मला चिठ्ठीचा फोटो ताबडतोब मुदीरला पाठवायचा होता. माझा मोबाईल उन्हानं तापून बंद पडलेला. युसूफभाईंचा घेतला, फोटो काढला आणि आधी माझ्या नंबरावर पाठवायला म्हणून त्यांच्या फोनमध्ये माझा चॅट उघडला. वर एक व्हॉइस मेसेज होता, माझ्याकडून आलेला. डबे आले त्याच दिवसाचा. मी दाबला.

"युसूफभाई, ऐका. गोडाऊन फुल आहे ना? मग कशाला बाहेर गोडाऊन भाड्यानं घ्यायचं? माल डब्यातच राहू दे. भाडं भरलंय आपण, उभे राहू देत हवे तितके दिवस. फुकटात गोडाऊन मिळालं, काय? चला, यल्ला."

शेवटचं ते हसणंही माझंच. केबिनमधल्या फहदच्या माणसाला मराठी समजत नव्हतं, पण माझ्याकडे बघून त्याला सगळं समजलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. आणि लाज वाटली की मी काय करतो? ओरडतो.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत तर होतो! तिसऱ्या दिवशी फोन केला, पैसे लागतायत म्हणून सांगायला. तुमी म्हणालाव, मीटिंगमध्ये आहे, मी बघतो. त्या दिवशी फोनवर सांगत होतो. आज चहाला सांगत होतो. मधे शिरायला जागा कुठं ठेवता वो तुमी?"

"मग मुदीरला तरी ऐकवायचा हा मेसेज! सही तुमची अडकलीय!"

"तुमाला न सांगता? तुमच्या पाठीमागं?" त्यांना खरंच धक्का बसला होता. "सव्वीस वर्षांत कुणाची चहाडी केली नाय. आता जाताजाता करू? म्हटलं, साहेब येतायत, समोर बसून सांगू. आज तरी ऐकतील."

"गुरुवारी विमान आहे तुमचं!"

"हां, म्हणून तर आज पहाटेच हॉटेलवर आलो."

मी त्या केबिनच्या सावलीत बसून त्यांच्याच फोनवरून मुदीरला लिहिलं, की डबे माझ्या सूचनेवरून उभे राहिले, युसूफभाईंचा काही संबंध नाही, सोबत माझाच आवाज जोडतोय. पाठवायच्या आधी थांबलो, खोटं कशाला बोलू. दोन पगार म्हणजे दिवाळीचं नाशिकचं तिकीट गेलं. मग पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. "खलास. तुझ्या पगारातून. युसूफला सांग, सही झाली."

घरी आलो, खजूर टेबलावर ठेवले आणि अनघाला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "पाणी प्यायलास का मधे?" कन्येनं एक सुक्करी उचलला आणि म्हणाली, "बाबा, दॅट इज सो यू." मी पाणी प्यायलो.

ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जा. एक रात्र पुरे, गाडी उत्तम, खजूर अप्रतिम. आणि तुमचा माल कधी रेल्वेच्या डब्यात असेल तर दोन दिवसांत उतरवा. डबा म्हणजे गोडाऊन नव्हे.

युसूफभाई गुरुवारी गेले. शनिवारी श्रीवर्धनहून त्यांचा व्हॉइस मेसेज आला, साडेचार मिनिटांचा. एरवी मी असले मेसेज दुप्पट वेगानं ऐकतो आणि अर्ध्यात उत्तर ठोकतो. हा सरळ ऐकला. सुखरूप पोचले होते. बायकोनं दारातच रडून घेतलं होतं. आणि त्यापुढची तीन मिनिटं ते दिघीच्या जंगरवाल्यावर, गाड्या खाडीपार नेणाऱ्या त्या बोटवाल्यावर, तापले होते. "अवो साहेब, मला आणायला जाताना पोरानं रिकामी जीप नेली, येताना मुंबईचे पाहुणे धरून आमी सात माणसं नि बारा बॅगा, तरी दोनी वेळा पैसे तेवढेच! मी म्हटलं, रिकाम्या गाडीचे कसले पैसे? तर मला म्हणतो कसा, चाचा, जागा तेवढीच अडते."

शेवटी जरा थांबून ते म्हणाले, "ऐकताव ना?"

मी शेवटपर्यंत ऐकलं होतं. मग फोन लावला, आणि त्यांनी हॅलो म्हटल्यावर त्यांनाच आधी बोलू दिलं.