ट्रंकेतल्या नऊ पुड्या

बायकोला नाही, देवापुढंही नाही — हे मी कुठंच बोललेलो नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय.

मी मालवणकडचा. मराठी चौथीतून शाळा सुटली. पोटासाठी बेळगावात आलो, एका डॉक्टरांकडे बाटल्या धुता धुता कंपौंडर झालो. राहायला खासबागेत, एका विणकराच्या घरी. आप्पा मागावर बसायचे, आक्का कांड्या भरायच्या. पहिल्याच वर्षी मी हिवतापानं पडलो, तेव्हा घरातली होती नव्हती ती पांघरुणं आक्कांनी माझ्यावर घातली, पेज भरवली. पोटची आई तरी आणखी काय करते?

मग लढाई आली. जावा बेट जपान्यांनी घेतलं नि तिकडून येणारं कोयनेल, हिवतापावरचं औषध, थांबलं. मुंबईहून पार्सल निघाल्याचं पत्र यायचं. पार्सल यायचं नाही. मी रोज स्टेशनावर. मालबाबू हात हलवायचा — आधी पलटणीचा माल, मग तुमचा. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते जिवावर बेतलेल्यालाच द्यायचं.

नऊ पुड्या उरल्या होत्या. त्या मी — सांगतो. मला तापाची भीती बसली होती. परक्या मुलखात पुन्हा पडलो तर? डॉक्टरांना म्हणालो, संपलं. आणि पुड्या माझ्या ट्रंकेत, सदऱ्याच्या घडीत ठेवल्या.

आठवड्यानं आप्पा पडले. हुडहुडीनं बाज करकरायची. डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर घेऊन म्हणाले, पार्सल येईपर्यंत साधं किराईतच उकळून दे, दुसरं आहे काय? आक्का घरची बाटली घासून घेऊन आल्या. मी किराईताचा काढा चांगला दाट केला, बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवली — आठ खाचा, आठ डोस — आणि म्हणालो, कोयनेल आहे. इकडे औषध कडूपणावर ओळखतात, हे मला ठाऊक होतं.

आक्कांनी बोटावर थेंब घेऊन चाखला. "व्हय, लई कडू हाय. आता उतरंल बघा."

आप्पा तसल्या थंडीतही हसले. "कंपौंडर घरात हाय म्हटल्यावर यम दारातनंच माघारी जातोय गं!"

ट्रंक त्यांच्या बाजेपासून किती लांब होती? मध्ये एक कुडाची भिंत. एकदा उठलो, कडीला हातही लावला — आणि मलाच कणकण आल्यासारखी वाटली. हात काढून घेतला.

चौथ्या दिवशी आप्पा गेले. नऊ पुड्यांनी वाचले असते का — या प्रश्नाच्या आड मी किती वर्षं लपलो!

पार्सल तेराव्याच्या आत आलं. मला त्या साली ताप आलाच नाही. पुड्या मी गुपचूप नव्या बरणीत ओतल्या.

आक्का शेजारणींना सांगायच्या, "ह्यो व्हता म्हणून कोयनेल तरी मिळालं. दुसऱ्यास्नी त्येबी न्हाय." मी मान खाली घालून ऐकायचो.

ती बाटली त्यांनी टाकली नाही. राखेनं घासली, गोडेतेल भरून चुलीशी ठेवली. माझी पट्टी काही निघाली नाही. रोज बाटली तिरकी व्हायची, आणि तेल एकेक खाच खाली उतरायचं. त्या तेलातली भाजी मी दोन वर्षं खाल्ली — आणि वर मागून घेतली.