शोभाताईंनी मोडलेली शपथ

थोरल्या भाऊजींचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "रेखा, शोभा गेली गं... चहा टाकते म्हणाली आणि ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही." तवा तसाच टाकून आम्ही डिंडोलीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला धावलो. त्याला आता महिना होत आला. शोभाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी आज जिवंत आहे ती त्यांच्यामुळे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्यापुढचं एक फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं.

दोन मुलींनंतर सासूबाईंना नातू हवा होता. माझी दोन्ही बाळंतपणं जिवावर बेतलेली. मीच ताईंचे पाय धरले, "मला दवाखान्यात न्या आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या." धाकटीला डोस पाजायला जातो सांगून ताईंनी मला सरकारी दवाखान्यात नेलं, पाळणा थांबवायला तांबी बसवून आणली. इकडे सासूबाई सप्तशृंगीला नवस बोलताहेत आणि मी आपली मान डोलावतेय! दहा वर्षांनी तांबी काढायची होती. त्यासाठी पुन्हा खोटं बोलावं लागणार, म्हणून आज-उद्या करत राहिले... सतरा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी पोटात डावीकडे दुखायला लागलं. अंगात बारीक ताप, वजन उतरत चाललेलं. सोनोग्राफीत मोठ्या आतड्याला धरून गाठ दिसली. दुर्बिणीने तुकडा काढला, त्यात नुसती सूज निघाली. मला हायसं वाटलं, पण डॉक्टरांचा चेहरा काही सैल होईना. "तुकडा वरवरचा आला असेल. गाठ कॅन्सरसारखी वाटतेय. आतडं कापावं लागेल, काही महिने पोटावर पिशवी राहील." घरी 'तो' शब्द माझ्यादेखत कुणी काढेना. मी आले की बोलणं बंद. धाकटीची बारावी सारखी डोळ्यांपुढे यायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन? तांबी वगैरे बसवलीय?" पलंगाच्या एका बाजूला आमचे हे, दुसऱ्या बाजूला सासूबाई. मी म्हणाले, "नाही." जीव जायची वेळ आली तरी धाक सासूबाईंचाच! काय म्हणावं मला?

"खोटं बोलतेय ती," दारातून ताई म्हणाल्या. "सतरा वर्षांपूर्वीची तांबी आहे तिच्या पोटात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशन थांबलं. सीटी स्कॅनमध्ये तांबी दिसली. मग सुईने थेट गाठीतून नमुना घेतला आणि नेमकं काय शोधायचं ते लिहून लॅबला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. कॅन्सर नव्हता. ॲक्टिनोमायकोसिस होता. क्वचितच आढळणारा हा जंतुसंसर्ग जुन्या तांबीवरून आतड्यापर्यंत पसरला होता. तांबी काढली, पेनिसिलिन सुरू झालं, आधी सलाइनमधून, मग कितीतरी महिने गोळ्या. गाठ विरली, आतडं शाबूत राहिलं.

पण ताई बोलल्या त्याच दिवशी दवाखान्याच्या जिन्यात सासूबाईंनी ताईंना गाठलं. "तुले माहीत व्हतं? तुले दोन पोरं शेतस, म्हनीसन हिले पोरगा व्हऊ दिधा नही!" स्वतःला दोन मुलगे, म्हणून थोरलीने धाकट्या सुनेचा वंश खुडला, असंच त्यांनी धरलं. हे माझ्याकडे बघत होते. आणि मी काय म्हणाले? "ताईंनीच नेलं मला." पाय धरले होते, ते गिळून टाकलं. ताईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "तब्येतीला जप," एवढंच म्हणाल्या.

दोन महिन्यांत त्यांनी कोसाडला बिऱ्हाड केलं. दर आठवड्याला फोन यायचा, "गोळ्या घेतेस ना गं?" बस्स. त्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. मी म्हणायचे, सासूबाईंना आज सांगेन, उद्या सांगेन... लाज वाटते लिहिताना.

सासूबाईंना वाचता येत नाही. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी त्या ताईंकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घ्यायच्या. ताई कोसाडला गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी कंटाळवाणं गाळते, ताई एक ओळ गाळत नसत. हा लेख पुरवणीत छापून येईल त्या रविवारीही सासूबाई चहाचा कप घेऊन समोर बसतील. "वाच," म्हणतील. तेव्हा मी वाचणार आहे. मी पाय धरले होते, त्या ओळीपर्यंत माझा आवाज टिकला पाहिजे.